नाक्यापलीकडं विकलेल्या बारा घागरी

मी भांडकुदळ आहे असं माझ्या पाठीमागं लोक म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी मला चालेल, कारण ते खरं आहे. पण भांडकुदळ माणसाचा एक गुण कुणी लक्षात घेत नाही. त्याला भांडणातला शब्द न् शब्द आठवतो. माझ्या सासऱ्यांनी मला ऐकवलेलं एक वाक्य मी आयुष्यभर जपून ठेवलं आहे. ते गेले तेव्हा मी लहान पोरासारखा रडलो, बारा दिवस त्यांच्या घरी राहिलो, पण वाक्य काही माफ केलं नाही.

ते म्हणाले होते, "नाक्याच्या आडोशाला कुणीही दिवा लावील."

हे का म्हणाले, ते कळायला त्या वेळची दुनिया सांगावी लागेल. औरंगाबाद तेव्हा निजाम सरकारच्या मुलखात होतं आणि येवला इंग्रजी मुलखात. वैजापूर ओलांडून थोडं पुढं गेलं की करोडगिरीचा नाका लागायचा. करोडगिरी म्हणजे परमुलखातून येणाऱ्या मालावरची जकात. नाशिकची घागर असो, मुंबईचं कापड असो की सुरतेची जर असो, शेकडा पाच भरल्याशिवाय आत यायची नाही. इंग्रजी मुलखातले लोक आम्हाला मोगलाईवाले म्हणायचे. म्हणताना ओठ किंचित वाकडे करायचे. तेही मी विसरलेलो नाही.

मी तांबट. देवगाव रंगारीच्या बाजूच्या एका खेड्यातून पायी चालत शहरात आलो, एका म्हाताऱ्या तांबटाकडं दहा वर्षं भाता मारला, घण मारले, शिव्या खाल्ल्या. मग गुलमंडीच्या मागच्या बोळात स्वतःची भट्टी घातली. एक भट्टी, एक ऐरण, चार हातोड्या. वाचायला मी शाळेत शिकलो नाही. भांड्यावर गिऱ्हाइकाचं नाव घालावं लागतं ना, टिंबाटिंबानं, छिन्नीनं, त्यातून मला अक्षरं आली. आधी बाळबोध, मग उर्दू. आजही कागदावर लिहिताना माझं अक्षर टिंबं जोडल्यासारखं दिसतं.

नवा तांब्याचा पत्रा मुंबईहून यायचा आणि त्यावरही करोडगिरी बसायची, म्हणून मी पत्रा घेतच नसे. खेड्यापाड्यांतून मोड गोळा करायचा, म्हणजे फुटकी, झिजलेली भांडी. ती वितळवून लादी पाडायची आणि लादी ठोकून ठोकून घागर उभी करायची. अशी घागर जाड होते, वजनाला भरते. नाशिककडची घागर कारखान्यातल्या पत्र्याची. हलकी, चकचकीत, आरशासारखी. पण ती नाक्यावर पैसे मोजून यायची आणि माझी बोळातून निघून थेट पाणवठ्यावर जायची. त्या फरकावर माझी चूल पेटत होती. मी त्याला माझी अक्कल समजत होतो.

येवल्याचे एक शेटजी महिन्यातून दोनदा शहरात यायचे. भांड्यांचे मोठे व्यापारी, आमच्याच जातीतले. त्यांचा माल गुलमंडीवरच्या एका दुकानात उतरायचा आणि तिथं पडून राहायचा, कारण मी बोळात त्यांच्याहून स्वस्त विकायचो. आमची दुकानाच्या पायरीवर दोनदा चांगलीच खडाजंगी झाली होती. त्यामुळं त्यांच्या मेहुणीनं, जी शहरातच राहायची आणि माझं गिऱ्हाईक होती, शेटजींच्या मुलीसाठी माझं नाव सुचवलं तेव्हा मला वाटलं, बाई माझी थट्टा करते आहे. पण शेटजी खरोखर आले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं, माझ्या भट्टीसमोर बसले, घागरी मोजल्या, मला आईबाप नाहीत हे विचारून घेतलं.

"धंदा बरा चाललाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, हाताच्या जोरावर चाललाय.

"हाताच्या नाही, नाक्याच्या. माझी घागर पायात बेडी घालून तुमच्या आखाड्यात उतरते. तिला पाडलंत यात काय मर्दुमकी?"

मी म्हटलं, शेटजी, तुमच्यामागं कारखाना आहे, रेल्वे आहे, मुंबई आहे. माझ्यामागं एक भाता. बेडी नसती तर तुम्ही मला पहिल्याच वर्षी गिळून टाकलं असतं. झाड लहान असतं तेव्हा त्याला कुंपण लागतं, नाहीतर शेळ्या खातात.

शेळी म्हटलेलं त्यांना आवडलं नाही. तेव्हा त्यांनी ते दिव्याचं वाक्य ऐकवलं. मग शांतपणे पागोटं घालत म्हणाले, "आमच्या येवल्याच्या बाजारात बसा. वाऱ्यात. बारा घागरी विका, शेरामागं माझा जो भाव आहे त्याच भावानं, दिवस मावळायच्या आत. एक पै कमी नाही. मग मुलीचं बोलू. नाहीतर तुमची घागर तुमच्यापाशी, माझी मुलगी माझ्यापाशी."

खरं सांगतो, मुलगी मी पाहिलीही नव्हती. पण त्या क्षणी मला दुसऱ्या कुणाशीही लग्न करायचं नव्हतं.

आता अडचण अशी होती की मोगलाईतला माल येवल्याला नेणं सोपं, परत आणणं अवघड. न विकलेला माल घेऊन नाक्यावर आलात की तो परमुलखातून आलेला माल. स्वतःच्या हातानं ठोकलेल्या घागरीवर स्वतःच करोडगिरी भरा. हे येवल्याच्या गिऱ्हाइकांना पक्कं ठाऊक होतं. मोगलाईवाल्याला ते सकाळी विचारायचेच नाहीत. दिवस कलला की यायचे आणि पडेल भावात उचलायचे, कारण त्यांना माहीत, हा परत नेऊ शकत नाही.

मी तीन दिवस डोकं चालवलं आणि माझ्या मते फार हुशारीची तोड काढली. नाक्याचा एक रिवाज होता. ज्या भांड्यावर नाव घातलेलं आहे ते घरचं, त्यावर जकात नाही. बिननावाचं भांडं ते मालाचं. म्हणून सीमेकडचे लोक पाहुण्यांकडून भांडी आणताना आधी नाव घालून घ्यायचे. मी बाराही घागरींवर माझं नाव घातलं. ठसठशीत, गळ्याखाली. विकल्या तर विकल्या, नाहीतर ताठ मानेनं परत. आता मला कोण दाबणार?

माझ्याबरोबर बोळातले कल्हईवाले चाचा आपला हातभाता आणि कथील घेऊन निघाले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तोंडात कायम पानाचा तोबरा, आणि बैलगाडीत बसायची भारी हौस. गाडी पडेगाव सोडून पुढं गेली तेव्हा त्यांनी एकेक घागर फिरवून पाहिली. मग म्हणाले, "मियाँ, नाम तो डाल दिये. लेकिन तुम्हारे नाम का घडा दूसरा काय कू लेगा?"

मी त्यांच्यावर असा खेकसलो की गाडीवानानं बैल थांबवले. व्यापारातलं तुम्हाला काय कळतं, तुम्ही आपली कल्हई सांभाळा, असं काहीबाही बोललो. चाचांनी पान थुंकलं आणि वैजापूर येईपर्यंत गप्प बसले. गप्प बसण्यात ते फार तरबेज होते. माणूस गप्प बसून इतका मोठा आवाज करू शकतो हे मी त्यांच्याकडून शिकलो. वैजापूरपर्यंत मला कळून चुकलं होतं की त्यांचं बरोबर आहे. पण ते कबूल करायचं म्हणजे मागं फिरायचं. आणि मागं फिरायचं म्हणजे शेटजी जिंकले.

येवल्याच्या बाजारात आम्ही सकाळी जागा धरली ती नेमकी शेटजींच्या दुकानासमोर. ते गादीवर बसले होते, हातात पंखा, जणू तमाशाला पुढची जागा मिळाली आहे. माझ्याकडं पाहून त्यांनी मान हलवली. मीही हलवली.

पहिला तास लोक येत होते, घागर उचलत होते, नाव वाचत होते आणि खाली ठेवत होते. एका सज्जन माणसानं हलक्या आवाजात विचारलं, घरात कुणी गेलं का? दुसऱ्यानं विचारलं, वाटण्या झाल्या काय? नाव घातलेली भांडी बाजारात येतात ती घर मोडल्यावरच. एक बाई तर घागरीला हात न लावताच च्‌ च्‌ करत पुढं गेली. तिला वाटलं मी बायकोची भांडी दारूसाठी काढली आहेत. मी ओरडून सांगितलं की मला बायको नाही. त्यावर बाजार हसला आणि शेटजींनी पंख्याआड तोंड लपवलं.

मग एक दांडगा माणूस आला. पाटीलकीचा ताठा, मिशी वगैरे. त्यानं घागर वाजवली, आवाज त्याला पसंत पडला, वजन पसंत पडलं, आणि शेवटी म्हणाला, "मोगलाईवाल्याचं नाव माझ्या देवघराशेजारी ठेवू होय?"

माझं डोकं फिरलं. भांड्यांचे पोचे काढायला मी लोखंडी खुंटा आणि हातोडी बरोबर आणली होतीच. मी घागर खुंट्यावर चढवली आणि त्याच्या डोळ्यांदेखत माझ्या नावावर हातोडी चालवायला लागलो. रागात माणूस ठोकतो तसा. पंचवीसतीस ठोके झाले असतील. थांबलो तेव्हा नाव नव्हतं. तिथं मठारकामाचे, म्हणजे भांडं घट्ट करायला मारतात ते, ठोके उमटले होते, उरलेल्या घागरीवर होते तसेच. जणू त्या जागी कधी काही लिहिलंच नव्हतं.

"घ्या," मी म्हटलं, "गेलं मोगलाईवाल्याचं नाव. आता तुमचं सांगा."

त्यानं सांगितलं. मी छिन्नी घेऊन तिथल्या तिथं घातलं. तो घागर उन्हात फिरवून फिरवून पाहत राहिला. मग त्यानं शेटजींच्याच दरानं पैसे मोजले.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी चाचांकडं पाहिलं. रागानं केलेली गोष्ट शहाणपणाची निघाली की तिचं श्रेय लगेच शहाणपणाला द्यावं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी उठून उभा राहिलो आणि हाळी द्यायला लागलो. जी घागर नाव पुसून नवं नाव घेऊ शकते ती पिढ्यान् पिढ्या टिकते, आजीकडून नातीकडं जाते, या म्हणालो, नाव पुसून बघा, आणि मग समोरच्या दुकानातल्या घागरीवर हेच करून दाखवा म्हणावं. पातळ पत्र्यावर असं करता येत नाही. तो ठोक्यानं ताणतो, फुगतो, शेवटी चिरतो. शेटजींना हे माझ्याइतकंच माहीत होतं. बाजारातल्या दोघातिघांनी हसत हसत त्यांच्याकडं घागर मागितली. शेटजी म्हणाले, माल विकायला ठेवलाय, मार खायला नाही. पण पंखा थांबला होता.

दुपारपर्यंत पाच गेल्या. सहाव्या घागरीला एक विणकराची बाई आली, कडेवर पोर. नाव कुणाचं घालू विचारलं, मालकाचं काय नाव? ती म्हणाली, "त्यांचं कशाला? पाणी मी आणते." आणि तिनं स्वतःचं नाव सांगितलं. आजूबाजूच्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग रांगेत उभ्या राहिल्या. मी आयुष्यात तोवर भांड्यावर बाईचं नाव घातलं नव्हतं, रुखवतातलं सोडून. त्या दुपारी लागोपाठ चार घातली. प्रत्येक बाई नाव घालून होईपर्यंत हातोडीकडं अशी बघायची, जणू सोनार तिचा दागिना घडवतो आहे. एकीनं तर अक्षर नीट आलं नाही म्हणून माझ्याशी वाद घातला. तिला वाचता येत नव्हतं. पण तिचं म्हणणं, शेजारणीचं नाव लांब दिसतं आणि माझं आखूड. मी शेवटी एक वेलबुट्टी वाढवून दिली.

या गर्दीत शेटजींची मेहुणी आली. शहरातून ती आदल्या दिवशीच येवल्याला आली होती. तिच्याबरोबर एक मुलगी होती. कोण ते मला कुणी सांगितलं नाही, पण समोरच्या गादीवर शेटजी ज्या प्रकारे दुसरीकडं बघायला लागले त्यावरून कळलं. तिनं घागर उचलली, कंबरेवर घेतली, दोन पावलं चालली. मग खाली ठेवून आत हात घातला. हात मनगटाशी अडकला.

ती मावशीला म्हणाली, पण मला ऐकू येईल अशा आवाजात, "तोंड लहान आहे गं. आतून घासायची कशी?"

मी म्हटलं, औरंगाबादेत शेकड्यांनी विकल्यात या घागरी, एकीनंही तक्रार केली नाही.

"तिथं दुसरी मिळत नसेल," ती म्हणाली.

त्या दिवशी इतक्या लोकांनी मला टोमणे मारले, सगळ्यांना मी व्याजासकट परत केले. हिला नाही करता आले. कारण ती बरोबर होती. माझ्या उस्तादाच्या घागरीचं तोंड लहान होतं म्हणून माझ्या घागरीचं लहान. इतक्या वर्षांत एकदाही मला ते बदलावंसं वाटलं नाही, कारण बदलायला कुणी भाग पाडलं नाही. मोठ्या तोंडाची घागर नाक्यावर पैसे भरून महाग व्हायची आणि माझ्या गिऱ्हाईक बाया अडकत्या हातानं मुकाट घासत राहायच्या. शेटजी मला ज्या गोष्टीवरून डिवचत होते तीच गोष्ट हिनं चार शब्दांत, हात अडकवून सांगितली. शेटजींचा मला राग आला होता. हिचा आला नाही. लग्न करावं तर हिच्याशीच, असं मला पहिल्यांदा वाटलं, आणि आता शर्तीसाठी नव्हे.

ती गेल्यावर पुढच्या घागरीवर माझी छिन्नी दोनदा घसरली. चाचांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, ऊन लागलं.

दिवस कलला तेव्हा अकरा घागरी गेल्या होत्या. बारावी एका म्हातारीच्या हातात होती. अंदरसूलकडची कुठली तरी, कमरेत वाकलेली आणि जिभेनं सरळ. तिनं माझा दिवसभराचा तमाशा पाहिला होता आणि तिला कळलं होतं की माझी एकच घागर राहिली आहे आणि माझं काहीतरी अडलेलं आहे. नेमकं काय ते माहीत नव्हतं, पण अडलेला माणूस तिला वासावरून ओळखता यायचा. अशी घासाघीस करणारी मला पुन्हा भेटली नाही. ती चालायला लागायची, मी बोलवायचो नाही. ती परत यायची, मी दुसरीकडं बघायचो. ती म्हणाली घागर काळी आहे, मी म्हटलं चुलीवर ठेवल्यावर सगळ्याच काळ्या. ती म्हणाली जड आहे, मी म्हटलं नातू उचलतील. नातू नाहीत म्हणाली, मी म्हटलं घागर बघून होतील. सूर्य शेटजींच्या दुकानाच्या कौलांना टेकला होता. एक पैसा सोडला असता तर ती घेऊन गेली असती. पण तो एक पैसा सोडला की सगळं गेलं.

मी म्हटलं, आजी, भाव हाच. पण आतून कल्हई करून देतो, फुकट.

चाचा दचकले. कल्हई त्यांची, कथील त्यांचं, फुकट मी देत होतो. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की त्या एका नजरेत वैजापूरच्या रस्त्यावरचं सगळं बोलणं वसूल झालं. मग त्यांनी भाता काढला.

म्हातारी चमकणारी घागर घेऊन गेली तेव्हा उन्हाची एक चिरी अजून कौलावर होती. शेटजी गादीवरून उठले, रस्ता ओलांडून आले.

"भाव धरलात," ते म्हणाले. "पण कल्हई फुकट दिलीत. कल्हईचे पैसे वजा करा. भाव पडला की नाही?"

हिशेब म्हणून त्यांचं बरोबर होतं. पक्का व्यापारी होता माणूस. मी तोंड उघडलं आणि आता जे काही निघणार होतं त्यानंतर लग्न व्हायची शक्यता नव्हती. पण माझ्याआधी चाचा बोलले. भाता बांधता बांधता, वर न बघता.

"कल्हई मेरी. मैं बुड्ढी बहन कू दिया. इसने क्या दिया? तुम मेरी खैरात का हिसाब काय कू करते?"

शेटजींनी एकदा चाचांकडं, एकदा त्यांच्या भात्याकडं पाहिलं. मग हसले. मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं, म्हणजे पंख्याआड सोडून. आम्हा दोघांना जेवायला चला म्हणाले. जेवताना मुलगी वाढायला होती. तिनं मला दुसरी पोळी वाढली ती न विचारता. चाचांनी माझ्या मांडीला कोपर मारलं.

शेटजींनी मुलगी दिली. पण म्हणणं मागं घेतलं नाही. हात धुताना म्हणाले, तुम्ही आज विकलंत ते हुशारीनं, घागरीनं नव्हे. मी म्हटलं, जाड होती म्हणून नाव पुसता आलं. ते म्हणाले, जाड का होती? पत्र्यावर जकात म्हणून मोड वापरता, म्हणून जाड. म्हणजे तीही नाक्याचीच. या माणसाशी वाद घालणं म्हणजे विहिरीत आवाज देणं होतं. जे बोलाल ते उलटून यायचं.

शहरात परतलो आणि पहिलं काम केलं ते घागरीचं तोंड रुंद केलं. रुंद तोंडाला पातळ, सारखी कड लागते आणि ती मोडीच्या लादीतून नीट निघत नाही. पत्रा हवा. पत्र्यावर करोडगिरी. मी तडक अर्ज लिहिणाऱ्या मुन्शीकडं गेलो. सरकारी कामकाज तेव्हा उर्दूत चालायचं. मी त्याला सांगितलं, लिहा, तांब्याच्या पत्र्यावरची जकात सरकारनं माफ करावी, गरीब कारागीर मरतो आहे. त्यानं लिहिलं. मग मी म्हटलं, खाली आणखी लिहा, परमुलखातल्या घागरींवरची जकात वाढवावी, गरीब कारागीर मरतो आहे. त्यानं कलम खाली ठेवलं आणि अदबीनं विचारलं, जनाब, एकाच कारागिराला दोनदा कसं मारू?

मी रागावून उठलो. पण रस्त्यात मलाच हसू फुटलं. मला हवा तो माल फुकट आत यावा आणि मी विकतो तो माल बाहेरच अडावा. आणि माझ्या शेजारचा हिमरूचं कापड विणणारा? त्याला सूत स्वस्त हवं आणि परमुलखातला हिमरू महाग. शेटजींना घागरीवर जकात नको. त्यांच्या येवल्यात उद्या कुणी अर्ध्या किमतीच्या घागरी घेऊन बसला असता तर तेच पहिले नाका मागायला गेले असते. ज्याच्या त्याच्या दारापुढं नाका कुठं असावा हे ज्याला त्याला पक्कं ठाऊक असतं. सरकारला विचारा, त्याला तिजोरी भरायची असते. आणि पाणी आणणारीला? तिला कुणीच विचारत नाही.

आजही कुणी विचारलं की नाक्यानं देशाचं भलं होतं की वाटोळं, तर मी सांगतो की नाका नसता तर मी तांबट झालोच नसतो, भाताच मारत राहिलो असतो. आणि तोच नाका माझ्या घागरीच्या तोंडाला इतकी वर्षं आवळून बसला होता. कुंपण झाडाला हवं. ते कधी काढायचं हे झाडाला कधी कळत नाही, ही खरी पंचाईत. माझ्या बाबतीत ते एका मुलीनं मनगट अडकवून दाखवलं, म्हणून कळलं. देशाच्या बाबतीत कोण दाखवतं, मला माहीत नाही.

लग्न येवल्याला झालं. शेटजींनी खर्चात हात आखडला नाही, मांडव मोठा, जेवण चार पंगतींचं. आणि तिथंच त्यांनी मला दुसरा टोला दिला. रुखवत मांडलं तेव्हा त्यात एकही भांडं नव्हतं. भांड्यांच्या व्यापाऱ्यानं मुलीला तांब्यासुद्धा दिला नाही. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. माझी कानशिलं तापली. मी मांडवातच विचारलं असतं, पण चाचांनी, जे माझ्या बाजूचे वडीलधारे म्हणून नवी शेरवानी घालून बसले होते, माझं उपरणं घट्ट धरून ठेवलं.

निघताना गाडीत एक लांबट गठ्ठा चढवला. गोणपाटात बांधलेला, चौघांनी उचललेला. मी कोपरा सोडून पाहिला. तांब्याचा पत्रा. मुंबईचा, नवा, कोरा, गुंडाळलेला, किमान वर्षभर पुरेल इतका. शेटजी एवढंच म्हणाले की आता रुंद तोंडाच्या करा. मी आभार मानायला हात जोडले आणि जोडता जोडता लक्षात आलं. हा माल होता. निखळ, बिनवापराचा, परमुलखातून येणारा माल. नाक्यावर मला मोजावे लागणार होते, आणि त्यांनी ते मुद्दाम केलं होतं. घरी पोचता केला असता तर जकात त्यांनी भरली असती.

नाक्यावर वऱ्हाड उतरलं. बायका लिंबाच्या झाडाखाली शिदोऱ्या सोडून बसल्या आणि मी कारकुनाशी भांडायला उभा राहिलो. मी म्हटलं हे आंदण आहे. तो म्हणाला आंदणात साड्या येतात, पत्रा येत नाही. मी म्हटलं वजनात गोणपाट धरू नका. त्यानं गोणपाट सोडवला. मी म्हटलं तागडी एका अंगाला कलते. त्यानं तागडी पुन्हा टांगली. कारकून सभ्य होता, नियमाचा पक्का होता, आणि मला सभ्य माणसाशी भांडायची सवय नव्हती. भाषा बदलून पाहिली, मराठीतून उर्दूत गेलो, उर्दूतून दखनीत. चाचा मधेमधे माझ्या बाजूनं बोलायला येत होते आणि बहुतेक वेळा कारकुनाचंच खरं करून जात होते. शेवटी मी पैसे मोजले. आयुष्यात पहिल्यांदा करोडगिरी भरली. ज्या नाक्यापायी शेटजींशी मी इतका भांडलो होतो, त्याच्या खिडकीत हात घालताना मला कळलं की शेटजींना दर महिन्याला दोनदा कसं वाटत असेल.

पावती घेऊन झाडाखाली आलो तेव्हा जेवणं उरकली होती. सगळे हात धुऊन बसले होते. माझ्यासाठी पानावर दोन पुऱ्या आणि थोडी भाजी झाकून ठेवली होती. नवी नवरी, हळदीच्या हातांची, शेजारी बसली होती आणि हसू दाबत होती. लग्न लागल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. आता बोलली.

"एवढ्या वेळात किती कमी केले त्यानं?"

मी म्हटलं, गोणपाटाचे.

तिला हसू आवरलं नाही. मग मलाही आवरलं नाही. चाचा काय झालं, काय झालं विचारत होते आणि आम्हाला सांगता येत नव्हतं. शेवटी तिनं पान माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, जेवा आधी, बैल जुंपलेत, ऊन उतरायच्या आत वैजापूर गाठायचंय.